सिस्टरबाईंचा तहसीलदार

लातूर जिल्ह्यात आजवर जेवढे म्हणून अधिकारी आले, त्या सगळ्यांत रुबाबदार अधिकारी एक मांजर होतं, आणि त्या अधिकाऱ्याचा कान धरून त्याला खाली बसवणारी अख्ख्या जिल्ह्यातली एकमेव व्यक्ती म्हणजे आमच्या शेजारच्या सिस्टरबाई. हे माझं मत कुणाला पटो न पटो, मी ते बदलणार नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी ते मांजर पाहिलेलं नाही आणि सिस्टरबाईंच्या हातची सुई खाल्लेली नाही.

जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कचेऱ्या नव्या, दारांवरच्या पाट्या नव्या, शिक्केसुद्धा इतके नवे की कागदावर उमटण्यापेक्षा बोटांवर जास्त उमटायचे. पाणी मात्र जुन्या तालुक्याचंच राहिलं होतं, आणि त्यातून लागोपाठ पाऊस दगा देत होता. मी जवळच्याच मुरुडचा. नव्या कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि गावाबाहेर बारा घरांच्या एका चाळवजा वसाहतीत बिऱ्हाड केलं. बाराच्या बारा बिऱ्हाडं नोकरीपायी आलेली. कुणी शाळेतलं, कुणी बांधकामातलं, कुणी आमच्यासारखं महसुलातलं. त्यात अकरा नंबरला सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाई राहायला आल्या. मूळच्या त्या उमरीकडच्या, नोकरीची सगळी वर्षं नांदेडात काढलेली. एका बैलगाडीत त्यांचं सामान आलं. पत्र्याच्या दोन पेट्या, एक लोखंडी खाट, बुद्धाची एक मोठी तसबीर, आणि सगळ्यात वर, गादीवर, दोन टोपल्या. टोपल्यांवर ओढण्या बांधलेल्या. वसाहतीतल्या बायकांना वाटलं कोंबड्या असतील. ओढणी सुटली तेव्हा आतून जे बाहेर आलं त्याला कोंबडी म्हणता येईना आणि मांजर म्हणायलाही जीभ रेटेना. पांढराशुभ्र कापूस, त्यात चपटं तोंड, नाक जवळजवळ नाहीच, आणि दोन पिवळे डोळे आमच्याकडे असे बघत होते की बघणाऱ्याला आपला अर्ज अपूर्ण आहे असं उगाचच वाटावं.

"पर्शियन हायेत," सिस्टरबाई म्हणाल्या. "हैदराबादच्या एका बेगमची चाकरी केली मी, नांदेडात आजारी पडली व्हती तव्हा. जाताना म्हणली, सिस्टर, मांगो क्या मांगती. मी म्हणलं, ह्येच दोन द्या."

बोक्याचं नाव तहसीलदार आणि मांजरीचं बानू. बानू नावाला शोभेल अशी गरीब होती. दिवसभर शहाबादी फरशीवर पोट टेकून पडायची. तहसीलदारानं मात्र वसाहतीत वेगळाच पेच करून ठेवला. कारण सहा नंबरला राहत होते ते खरेखुरे नायब तहसीलदार. भला माणूस, पण स्वतःच्या पदाची आठवण त्यांना आंघोळ करतानाही असायची. आता भर सकाळी अकरा नंबरच्या दारातून आवाज यायचा, "तहसीलदार, खाली उतर म्हणते ना! लाथ घालू का?" किंवा, "तहसीलदाराला पुन्हा जुलाब लागले बाई, काल कुठं काय खाल्लं कुणास ठावं." नायबसाहेब बाहेर पेपर वाचत बसलेले असायचे, ते उठून आत जायचे. एकदा धीर करून त्यांनी मला मध्ये घातलं. मी सिस्टरबाईंना म्हणालो, नाव जरा बदलता आलं तर बघा. त्या म्हणाल्या, "कशाला? त्ये नायब हायेत. ह्यो पक्का हाय. मानपान बराबर ठेवलाय मी." मी हा निरोप नायबसाहेबांना पोचवला नाही.

मांजरांच्या बाबतीत सिस्टरबाईंचे नियम दवाखान्यातल्या वॉर्डापेक्षा कडक. दूध बंद. मांजराला दूध नाही हे ऐकून वसाहतीतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. माझ्या बायकोनं एकदा दयेपोटी बानूला वाटीभर दूध पाजलं, तर सिस्टरबाई तिला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेल्या, झाला प्रकार दाखवला आणि म्हणाल्या, "वहिनी, आता हे पुसा." तेव्हापासून आमच्या घरचं दूध आमच्याच घरी राहिलं. मांजरांना मिळायचा तो बिनतिखटमिठाचा उकडलेला खिमा, वर अंड्याचा बलक. चपट्या तोंडामुळे त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं, तर ते सकाळ-संध्याकाळ कापसाच्या बोळ्यानं टिपायचं, उजव्या डोळ्याला एक बोळा, डाव्याला दुसरा. केसांचा गुंता होऊ नये म्हणून रोज ड्यूटीवरून आल्या आल्या पोलादी कंगव्यानं विंचरणं. स्वतःची वेणी त्या दोन दिवसांतून एकदा घालत. विंचरून निघालेले केस टाकायचे नाहीत. त्यांची एक उशी भरली होती. मी एकदा त्या उशीवर चुकून टेकलो आणि पुढचे दोन दिवस माझ्या काळ्या कोटाला कचेरीतले लोक हात लावून बघत होते.

त्यांचा स्वभाव सांगायचा तर एका शब्दात अडेल. पण अडेलपणा त्यांना शोभून दिसायचा. कुणी काही विचारलं की त्या आधी विचारणाऱ्याकडे बघायच्या. हा प्रश्न विचारायचा अधिकार याला आहे का, हे त्या बघण्यात असायचं. अधिकार आहे असं वाटलं तर दहा मिनिटं बोलतील, नाही वाटलं तर एकच वाक्य. "काय म्हणणं हाय?" या वाक्यापुढे दवाखान्यातले डॉक्टरही माघार घेतात असं ऐकून होतो.

तर अशा बाईंची गाठ त्या वर्षी दुष्काळाशी पडली. विहिरी तळाला गेल्या, हातपंप नुसते खडखडायला लागले, आणि वसाहतीला एक दिवसाआड टँकर यायला लागला. नायबसाहेबांनी लगेच पाणी समिती केली, स्वतः अध्यक्ष झाले, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. माणशी दोन घागरी. टँकर यायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या रिकाम्या घागरी रस्त्याकडेला ओळीनं मांडायच्या, घागर म्हणजेच माणूस, तिची जागा तीच त्याची जागा. आमच्या पाच माणसांच्या दहा घागरी. सिस्टरबाई एकट्या, त्यांच्या दोन. त्यांवर त्यांनी दवाखान्यातल्या लाल रंगानं अधिकचं चिन्ह काढलेलं, त्यामुळे त्या लांबून ओळखू यायच्या. घागरींच्या ओळीत त्यांचा नंबर तिसरा.

आता दर रविवारी सकाळी अकरा नंबरचं पुढचं दार बंद व्हायचं आणि आतून आवाज यायला लागायचे. "डोळे मीट. मीट म्हणते ना! मान वर कर. कानामागं किती घाण रे तुझ्या, तहसीलदार म्हणवतोस." त्यावर तहसीलदाराचं भेसूर ओरडणं. अर्ध्या-पाऊण तासानं दार उघडायचं आणि दोन्ही मांजरं बाहेर ओट्यावर येऊन बसायची, फुललेली, झगझगीत पांढरी. त्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीत पांढरं म्हणावं असं दुसरं काही उरलं नव्हतं. आमची पोरं तिसऱ्या दिवशी आंघोळ करत होती, शर्टांच्या कॉलरी काळ्या झाल्या होत्या, खुद्द नायबसाहेबांचं धोतर पिवळं पडलं होतं. बायकांच्या पोटात दुखायला लागलं नसतं तरच नवल. शेवटी नायबसाहेबांच्या पत्नीनं तोंडावरच विचारलं, "मांजरांना आंघोळ घालता काय हो तुम्ही?"

"हाव," सिस्टरबाई म्हणाल्या. "दर ऐतवारी."

"माणसाला प्यायला नाही आणि..."

"माझ्या दोन घागरीतून तुमच्या घरात काय सांडलं का? काय म्हणणं हाय?"

म्हणणं काय ते शुक्रवारी समितीच्या बैठकीत ठरलं. मजकूर नायबसाहेबांचा, अक्षर माझं. "दुष्काळी परिस्थिती विचारात घेता, मांजरांस स्नान घालणाऱ्या घरास, सदर मांजरे वसाहतीबाहेर पाठवली जाईपर्यंत, पाणी देण्यात येऊ नये." सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, आणि मनात कुठेही काही टोचलं नाही हे आज लिहिताना मला लाज वाटते. उलट मला त्या 'सदर मांजरे'चा अभिमान वाटला होता. कागद घेऊन मीच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उभ्यानं वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय भाऊ तुमचं." आणि दार लावून घेतलं. शनिवारी टँकर आला तेव्हा लाल खुणेच्या दोन घागरी कुणीतरी ओळीतून उचलून त्यांच्या दारात नेऊन ठेवल्या होत्या. त्यांनी त्या आत घेतल्या नाहीत. तिथेच राहू दिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा.

आम्हाला वाटलं होतं, बाई दोन दिवसांत वाकतील. दवाखान्यातल्या हातपंपाला अजून थोडं पाणी होतं, तिथून त्या सलाईनच्या रिकाम्या बाटल्या भरून आणायला लागल्या. पिशवीत काचा किणकिणत त्या भर उन्हात चालत यायच्या, मान ताठ, पदर डोक्यावर. मांजरं वसाहतीबाहेर गेली नाहीत. तहसीलदार पूर्वीसारखाच ओट्यावर बसून आमचे अर्ज फेटाळत राहिला. आणि खरी गंमत म्हणजे बाईंनी आमचं एकही काम थांबवलं नाही. सहा नंबरच्या पोराच्या मांडीला गळू झालं होतं, त्याची पट्टी बदलायला त्या स्वतः जायच्या, ज्यांनी सही केली त्यांच्याच घरी. कुणाला इंजेक्शन, कुणाचा ताप. फक्त त्या दिवसांत सुई जाड झाली होती, असा सगळ्या वसाहतीचा एकमतानं अनुभव आहे.

मलाही तो यायचा होताच. दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी सकाळी कचेरीची जुनी पेटी सरकवताना माझ्या पायात गंजका खिळा घुसला. बायको म्हणाली, "जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या." मी म्हणालो, "कुठल्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली, "तोंडात नाही देत ते." मग मी पुढच्या दारानं जायला शरमून लंगडत लंगडत मागच्या अंगणातून गेलो. मागचं दार उघडं होतं. आतून तेच नेहमीचे आवाज येत होते. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि बघतच राहिलो.

चुलीवर लोखंडी कढई होती आणि कढईत गव्हाचा कोंडा परतला जात होता. करपू नये म्हणून बाई उलथन्यानं हलवत होत्या, मधूनच मूठभर घेऊन मनगटावर चटका बघत होत्या, बाळाचं पाणी बघावं तसं. मोठ्या पितळी परातीत तहसीलदार बसला होता. बाईंनी कोमट कोंडा त्याच्या अंगावर घातला आणि दोन्ही हातांनी केसांच्या मुळापर्यंत चोळायला लागल्या. पाठ, पोट, काखा, शेपूट. "मान वर कर. डोळे मीट." मग कंगवा घेऊन सगळा कोंडा झाडून काढला. त्याबरोबर धूळ, तेलकटपणा सगळं परातीत उतरलं आणि वर राहिला तो पांढराशुभ्र अधिकारी. पाण्याचा थेंब नाही. त्या घरात पाणी नव्हतंच. कोनाड्यात सलाईनच्या तीन बाटल्या होत्या, त्यांतली एक अर्धी.

"सिस्टरबाई," मी म्हणालो, "ही कोंड्याची आंघोळ कधीपासून?"

त्यांनी वर बघितलं. मला अधिकार आहे का हे त्या बघत होत्या. मग माझ्या पायाकडे बघितलं, रक्त बघितलं आणि म्हणाल्या, "बसा." पाय धुवायला त्यांनी ती अर्धी बाटली वापरली. मी नको नको म्हणत होतो. "गप बसा. दुष्काळ सुरू झाला तव्हापासून. बेगमच्या घरी हिवाळ्यात असंच करायचे. एवढ्या केसांचं मांजर वलं राहिलं तर थंडी बाधते ना."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? एका वाक्यात मिटलं असतं! मी आत्ता जाऊन नायबसाहेबांना..."

"न्हाई सांगायचं."

"अहो पण..."

"माझ्या घरात बसून राहिले ना भाऊ? मग ऐका." त्या सुई उकळायला ठेवत बोलत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. "आमच्या गावात आडावर आम्हाला चढू देत नव्हते. माझी माय घागर खाली ठेवून हुबी राहायची. कुणाच्या मनात आलं तर वरून वतायचं. आन् वतताना इचारायचं, एवढं पाणी कशाला लागतं गं तुम्हाला? माय सांगायची. लेकरू हाय, धुणं हाय, सैपाक हाय. रोज सांगायची. त्ये रोज ह्येच इचारायचे आन् ती रोज सांगायची. मी तिचा पदर धरून हुबी असायची. तव्हाच ठरवलं, मी कमवायला लागल्यावर पाणी कशाला लागतं हे कुणालाबी सांगायचं न्हाई." त्या वळल्या. "माणशी दोन घागरी ठरल्या ना? मी माणूस हाय. आज मांजराचं सांगितलं, तर उद्या इचारतील, सिस्टर, तुम्ही दोनदा आंघोळ का करता? दिवसभर मी बाळंतपणं करते. करते मी दोनदा आंघोळ. दंड इकडं करा."

सुई टोचली ती मला कळली नाही. आमच्या मुरुडच्या मळ्यात विहीर होती. तिच्या काठावर उभं राहून वरून कोण ओतायचं ते मला आठवत होतं. विचारणारा आवाज माझ्या काकांचा होता, आणि मी पाच-सहा वर्षांचा, त्यांच्या बाजूला उभा राहून हसत होतो. खाली कुणी पदर धरून उभं असेल, हे मला त्या रविवारपर्यंत कधी सुचलं नव्हतं. तेव्हा हसलो होतो, आणि आता तेच सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं.

सोमवारी टँकर यायचा होता. सगळ्यांच्या घागरी मांडून झाल्या. मी अकरा नंबरच्या दारातल्या त्या लाल खुणेच्या दोन घागरी उचलल्या आणि नेऊन ओळीत सगळ्यात पुढे ठेवल्या. नायबसाहेब धावत आले.

"अहो, हे काय? ठराव तुमच्याच अक्षरात आहे!"

"अक्षर माझंच आहे साहेब, अक्कल त्या दिवशी घरी विसरलो होतो."

"मांजरांना पाणी घालतात त्या! स्वतः कबूल केलंय!"

ओठावर आलं होतं की नाही घालत हो, कोंडा चोळतात. गिळलं. "घालोत," मी म्हणालो. "मांजराला घालोत नाहीतर रस्त्यावर ओतोत. माणशी दोन ठरल्यात. आपण आपल्या दोन घागरींचं काय करतो ते ठरावात कुठे लिहिलंय? उद्या मी तुम्हाला विचारलं, साहेब, तुमच्या धोतराला किती लागतं, तर सांगाल?" एवढा मोठा आवाज मी आयुष्यात वरिष्ठांपुढे काढला नव्हता. बोलता बोलता मी दोन पावलं मागे सरकलो होतो, पण ते खिळ्यामुळे असं मी सगळ्यांना नंतर सांगितलं. माझी बायको येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. आणि मग, अगदी अनपेक्षितपणे, नायबसाहेबांच्या पत्नी घरातून बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "असू द्या हो. पोराची पट्टी बदलायला त्याच येतात." नायबसाहेबांनी खिशातून ठराव काढला, बघितला, परत खिशात ठेवला. तो त्यांनी रद्द मात्र केला नाही. रद्द करायला बैठक लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

इतक्यात सिस्टरबाई ड्यूटीला निघालेल्या तिथे आल्या. हातात पिशवी, खांद्यावर रोज कोपऱ्यापर्यंत पोचवायला येणारा तहसीलदार. वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान माझ्याकडे बघून मान तरी हलवतील. त्यांनी ओळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, माझा नंबर तिसरा व्हता. पहिला कशाला ठेवला?"

"राहू द्या ना सिस्टरबाई, एवढे दिवस..."

"तिसरा व्हता. तिसऱ्यावर ठेवा."

मी घागरी उचलून तिसऱ्यावर ठेवल्या. तेव्हा कुठे त्या चालायला लागल्या.

तीन-चार वर्षांनी त्यांची बदली पुन्हा नांदेडला झाली. निवृत्त झाल्यावर उमरीला घर बांधलं. वसाहत सोडताना मला बानूचं एक पिल्लू देऊन गेल्या. "दूध पाजू नका," एवढंच म्हणाल्या. नंतर वर्षातून एकदा पत्र यायचं, त्यात मांजराची चौकशी आधी आणि आमची नंतर. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मी उमरीला पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यांच्या घराच्या ओट्यावर एक पांढरं मांजर बसलं होतं आणि त्यानं माझ्याकडे माझा अर्ज उशिरा आला आहे अशा नजरेनं बघितलं. ते खरंच होतं. मला त्यांची एकदा माफी मागायची होती, त्या अक्षराबद्दल, आणि विहिरीवरच्या त्या हसण्याबद्दलही. ती राहून गेली. ती आता कुणाकडे मागायची ते मला माहीत नाही.

माझ्याकडे तहसीलदाराच्या वंशातला एक बोका अजून आहे. इतक्या पिढ्यांत इराणचं रक्त बरंच पातळ झालंय, नाक चांगलं लांब झालंय, पण नजर खानदानी आहे. मी आता लातुरातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. नळाला पाणी असलं तरी दर रविवारी मी गॅसवर कढई ठेवतो, कोंडा मनगटावर लावून बघतो आणि त्याला परातीत बसवतो. गेल्या उन्हाळ्यात नळ पुन्हा आठवड्यानं यायला लागले. एका रविवारी इमारतीचे तरुण सेक्रेटरी जिन्यात भेटले. बोका माझ्या खांद्यावर होता, फुललेला, झगझगीत पांढरा. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी सौजन्यानं विचारलं, "काका, एवढी पाणीटंचाई आहे, तुम्ही याला आंघोळ घालता का?"

"हाव," मी म्हणालो. "दर ऐतवारी. काय म्हणणं हाय?"